मदत हवी आहे : तेल असूनही देश गरीब कसा? (उद्या सकाळपर्यंत)

रावेरची_लेक
नैसर्गिक साधनांच्या निर्यातीवर विसंबलेले देश मागे का पडतात? डच डिसीज (एका साधनाच्या निर्यातीने बाकीचे उद्योग बुडणं) तीनदा वाचला, डोक्यात शिरत नाही. पैसा येतोय तर कारखाने का बुडतील? उदाहरण पण पाहिजे. कृपया लवकर.

तापीकाठ
ताई, एमपीएससी की कॉलेज? किती मार्कांना? काहीच सांगितलं नाही तर आम्ही कुठून सुरुवात करायची?

अमळनेर_काका
डच डिसीज म्हणजे हॉलंडचीच गोष्ट. तिथे १९५९ ला ग्रोनिंगेनला गॅस सापडला. गॅस विकून परकीय पैसा आला, त्यांचं चलन, गिल्डर, महागलं. मग बाकीचा माल परदेशात महाग पडला, गिऱ्हाईक तुटलं. समजा, डॉलर ८० रुपयांवरून ५० वर आला. रावेरची केळी दुबईत तेवढ्याच डॉलरला गेली, तरी शेतकऱ्याच्या हातात रुपये कमीच. केळी तीच, मेहनत तीच.

यावल_केळीबाग
केळीले कोणता रोग शे? करपा असेल तर रोगट पानं कापून बागेबाहेर न्या, पाणी साचू देऊ नका.

तापीकाठ
भाऊ, रोग अर्थशास्त्रातला आहे.

धुळेकर७२
नॉर्वे घ्या, विषय संपला. तेलाचा फंड १९९० ला कायद्याने काढला, १९९६ पासून पैसा टाकला. गुंतवणूक सगळी देशाबाहेर, म्हणून चलनावर ताण कमी. सरकार वर्षाला फंडाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आसपासच काढतं.

शहादा_मास्तर
नॉर्वेत तेलाआधीच शाळा, जहाजं, चोख कारभार होता. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्याचं बोला. बोत्सवाना १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत गरीब. १९६७ ला ओरापाला हिरे सापडले. सरकारने पुढे खाणकंपनीत निम्मा हिस्सा मिळवला, पैसा शाळा-रस्त्यांत घातला.

धुळेकर७२
आणि अजून हिऱ्यांवरच बसलाय. प्रयोगशाळेतले हिरे स्वस्त झाले, की लगेच ओढाताण.

अमळनेर_काका
दूर कशाला जाता? अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) आपल्या खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबलं, भाव कोसळला. एका पिकावर बसलेल्याचं असंच होतं, मग ते तेल असो की कापूस.

रावेरची_लेक
एम.ए. दुसरं वर्ष, सेमिनार आहे, १० मिनिटं. सरांनी आफ्रिकेतलाच देश सांगितलाय, लिहायचं राहिलं. मी नायजेरिया काढलाय, पण तेलाशिवाय बोलायला काही नाही.

शहादा_मास्तर
आहे की! १९५६ ला ओलोइबिरीला तेल लागलं, त्याआधी देश शेतमालावर चालायचा. उत्तरेत कानोला भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिड रचायचे, इतका माल. तेलाचा पैसा आल्यावर सरकारचं शेतीवरचं लक्ष उडालं, पिरॅमिड दिसेनासे झाले. सत्तरच्या दशकातला दुष्काळ आणि भुईमुगाचा रोग, ही कारणंही सांग. सगळं तेलावर ढकललंस तर सर अडवतील.

यावल_केळीबाग
भुईमुगाले कोणता रोग?

शहादा_मास्तर
रोझेट. मावा पसरवतो.

रावेरची_लेक
पिरॅमिडपासूनच सुरू करते. काका, केळीचं उदाहरणही घेते.