भांड्यावर कोरलेलं नाव

सायली_क
काल देवळातलं मोठं पातेलं घासताना सासूबाईंचं नाव हाताला लागलं. कडेखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, अर्धं झिजलंय, '...बाई यांजकडून देवस्थानास, सन १९७३'. दुष्काळ नुकता सरत होता तेव्हा! आणि मला एकदम २६ जुलै आठवला. अंधेरीहून चालत निघालेले, कुर्ल्याच्या अलीकडे कंबरभर पाणी. एका चाळीच्या जिन्यावर बायकांनी वर ओढून घेतलं, कोरडा गाऊन दिला आणि स्टीलच्या ताटलीत गरम खिचडी. ताटलीवर कुणाच्या तरी 'स्मरणार्थ' होतं. पुढचं नाव खिचडीखाली होतं, आणि खाऊन झाल्यावर ते वाचायचं भान राहिलं नाही. ती ताटली कुणाच्या नावाची होती ते मला कधीच कळणार नाही. तुम्हाला कधी असं कुणाचं पुण्य लाभलंय? लिहा ना.

माणदेशी
७२ म्हटलं की आमची आज्जी सुकडीच्या वासाबद्दल बोलायची. खडी फोडायला सगळं गाव. तेव्हा खोदलेल्या पाझर तलावामुळं आमच्या विहिरीला अजून पाणी आहे. विषय थोडा वेगळा झाला, पण आठवलं.

विदुला
आईची ट्रीटमेंट टाटाला, २००९. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. गाडगेबाबा गेले १९५६ ला, आणि त्यांच्या नावानं माझी आई महिनाभर दोन वेळ जेवली. शेजारच्या खाटेवर बिहारच्या एक आजी होत्या. भाषा कळायची नाही, पण केमोनंतर आईला उलट्या झाल्या की पाठीवरून हात त्याच फिरवायच्या. डाळ वाढतेय, नंतर लिहिते.

गणेश_उमरगा
किल्लारी. ३० सप्टेंबर ९३, गणपती बुडवून आलो आणि पहाटे सगळं खाली. मी सातवीत होतो. ट्रकमधून कपडे यायचे. मला निळा हातविणीचा स्वेटर मिळाला, कॉलरच्या आत लाल लोकरीनं बारीक 'ग' काढलेला. माझं नाव ग वरून! मला वाटायचं माझ्यासाठीच विणलाय. माझ्यानंतर दोन्ही भावांनी वापरला. विणणाऱ्या माउलीला एकदा तरी भेटायचं होतं.

सायली_क
@गणेश दादा, रडवलंत.

शुभदा_काकू
मी त्या वर्षी पुण्यात महिला मंडळात स्वेटर गोळा करत होते. आमच्याकडचा असेलच असं नाही हो. पण आज फार बरं वाटलं.

गणेश_उमरगा
काकू, तुमचाच समजतो. नमस्कार करतो.

पराग७
ते नाव कोरणारे आता दिसत नाहीत का कुठे? भांड्याच्या दुकानाबाहेर बसायचे, मशीनची घर्र्रर्र, वाटीला धरलेला अंगठा थरथरायचा. आईच्या नावानं पंचवीस ताटं द्यायचीत शाळेला.

विदुला
आले. @पराग आमच्याकडे जुन्या बाजारपेठेतल्या भांडीवाल्याकडे मशीन आहे. विकत घेतलं की नाव फुकट घालून देतो. फक्त तारीख नीट लिहून न्या, माझ्या मावशीच्या डब्यावर साल चुकलंय.

माणदेशी
सायलीताई, ते पातेलं किती माणसांचं? रविवारी आमच्याकडे दिंडी मुक्कामाला आहे, शंभर पान होईल.

सायली_क
दीडशेचं आहे. शनिवारी संध्याकाळी या, घासून ठेवते. झाकण जड आहे, दोघं या.