बंद खाणीतलं पाणी: बोगदा बुजवावा की उपसा चालू ठेवावा?

धागाकर्ता: माझं मत स्पष्ट आहे. खाणीतलं पाणी ज्यातून बाहेर येतं, त्या बोगद्यात काँक्रीटचं भक्कम बूच बसवा आणि खाण पाण्याने भरू द्या. खडकातल्या पायराइटला (लोह-गंधकाचं खनिज) हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की गंधकाम्ल तयार होतं, आणि त्यात विरघळून तांबं, जस्त, कॅडमियम बाहेर येतं. खाण बुडाली की हवा तुटते. पंपाने पाणी उपसत राहायला मात्र अंत नाही. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ मध्ये बंद झाली, तरी तिथल्या रुर या कोळसापट्ट्यातले पंप चालूच ठेवावे लागताहेत. पुढच्या पिढ्यांनी हा खर्च का भरायचा?

प्रतिसाद, भूजल: अजिबात पटलं नाही. बुचामागे १०० मीटर पाणी चढलं की दर चौरस मीटरवर सुमारे १०० टन भार येतो. काँक्रीट टिकेलही, पण भेगाळलेल्या खडकाचं काय? शिवाय कोरड्या भिंतींवर वर्षानुवर्षं साचलेले आम्लधर्मी क्षार खाण भरताना एकदम विरघळतात, त्यामुळे सुरुवातीचं पाणीच सर्वांत घातक असतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या व्हील जेन खाणीत १९९१ मध्ये उपसा थांबला. जानेवारी १९९२ मध्ये बोगद्याचं बूच निकामी झालं आणि केशरी पाणी थेट खाडीपर्यंत गेलं.

धागाकर्ता: म्हणून तर बुचात झडपेचा पाइप आणि दाबमापक हवा, पाणी हळूहळू चढवायचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ऑगस्ट २०१५ मध्ये गोल्ड किंग खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन पाणी ॲनिमस नदीत गेलं. तिथे खाणीचं ढासळलेलं तोंड उकरत होते, आतला दाब न मोजता!

प्रतिसाद, भूजल: अर्धीच गोष्ट सांगताय. जवळच्या सनीसाइड खाणीच्या बोगद्यात १९९६ पासून बुचं बसवली, त्यानंतर गोल्ड किंगचा पाझर वाढला. त्यांचा संबंध किती, यावर वाद आहे. पण एक तोंड बंद केलं की शेजारच्या खाणींवर नजर ठेवायलाच हवी.

प्रतिसाद, चुनखडी: दोघेही गाळ विसरलात. चुना टाकून आम्ल मारलं तरी लोह-जस्ताचा ओला गाळ उरतो, तो कुठे टाकणार? पाणी शुद्ध करायला केलेली पाणथळ जागा सौम्य आम्लाच्या पाण्याला चालते, तीव्र आम्लाला नाही. तेव्हा आधी वर्षभर पाणी मोजा, मग बूच की पंप ते ठरवा. आणि शुद्धीकरणाचा पैसा खाणमालकाकडून परवान्याआधीच अनामत म्हणून घ्या. खाण संपल्यावर कंपनी दिवाळखोर निघाली, तर वसुली कोणाकडून करणार?