मदत हवी आहे: ग्रामीण रुग्णालयाच्या निधीचा हिशेब कुणाकडे मागायचा?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. इथलं ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं. ऑपरेशन थिएटर आहे, भूलतज्ज्ञ नाही. सिझरची वेळ आली की नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी, अंबाजोगाईला न्या. एक्स-रे मशीन आहे, तंत्रज्ञाची जागा रिकामी. जनरेटर आहे, डिझेल नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीची माणसं कारखान्यांवर गेली की ओपीडी जरा हलकी होते, उन्हाळ्यात ती परतली की व्हरांड्यातही पाय ठेवायला जागा नसते. ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो सरळ खासगीत जातो. नसतात तोही जातो, मुकादमाची उचल घेऊन.

जिल्हा परिषदेत विचारलं तर म्हणतात, आमच्याकडे फक्त प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे. तिकडे विचारलं तर, डॉक्टरांची पदं वरून भरतात. ठीक आहे, डॉक्टर आणणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण डिझेल, पाणी, किरकोळ दुरुस्ती हे रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून होतं ना? हा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, 60 टक्के केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. तो किती आला, कशावर गेला, समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारलं की एकच उत्तर: साहेब मीटिंगला गेलेत.

माहिती अधिकारात अर्ज टाकावा म्हणतो. नेमकं काय मागू? आणि गावकऱ्यांना देखरेखीचा काही अधिकृत मार्ग आहे का? आमदारांना भेटा हा सल्ला कृपया नको, तो घरचेच देतात.

प्रतिसाद 1

दादा, 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. मागच्या तीन वर्षांचं समितीचं कॅशबुक आणि बैठकांची इतिवृत्तं मागा, रुग्णालयाच्याच जनमाहिती अधिकाऱ्याकडे. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. पोच घेतल्याशिवाय हलू नका. 30 दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील.

देखरेखीचं म्हणाल तर अभियानातच लोकाधारित देखरेख होती. महाराष्ट्रात 2007 मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला उस्मानाबाद, म्हणजे आत्ताचा धाराशिव. जनसुनवाईत लोक अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारायचे. नुसत्या तोंडी तक्रारीला तिथे वजन नसतं, कागद लागतो. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तरी बाहेरून औषध आणायला लावलं तर ती चिठ्ठी आणि बिल जपून ठेवायला सांगा लोकांना.

धागाकर्ता

इतिवृत्तांचं लक्षातच आलं नव्हतं. समितीवर कोण कोण आहे तेही त्यात कळेल. अर्जाचा मसुदा इथेच टाकतो, कुणीतरी नजर घाला.