'परत आली', 'उसनी आणली' की 'सोडवून आणली'?

प्रश्न : ऐरोलीला आमच्या सोसायटीत शिवजयंतीला फोटोंचं प्रदर्शन लावतो, फलक लिहायचं काम माझ्याकडे. वाघनखं आणि नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार, दोन्हींखाली 'मायदेशी परत आलेला वारसा' असं ठरलंय. मला दोन्हीकडे तोच शब्द खटकतोय.

उत्तर : खटकायलाच हवा ताई. वाघनखं जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, मालकी त्यांचीच. 'परत आली' वाचून पोरांना वाटणार आपली झाली. सरळ 'उसनी आणली' लिहा.

उत्तर : उसनी? आपलीच वस्तू आपणच उसनी घ्यायची, लिहितानाच कसंतरी होतं. 'दर्शनाला आणली' म्हणा ना.

उत्तर : दादा, तुमचं दुखणं मलाही कळतं, पण 'दर्शनाला' म्हटलं की वस्तू कोणाची हा प्रश्नच गडप होतो आणि भांडण तर त्याचंच आहे, 'उसनी' वाचून टोचतं ना, मग टोचू दे. म्युझियमच्या विश्वस्तांना मनात आलं तरी संग्रहातली वस्तू सहज देऊन टाकता येत नाही, तिकडचा 1983 चा कायदा आडवा येतो. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा 1970 चा करार आहे पण तो मागच्या काळाला लागू नाही, मग इंग्रज अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, असताना त्याच्याकडे गेलेल्या वाघनखांवर तो काय चालणार. आणि अफझलखानाच्या वेळची नखं हीच, याला पुरावा नाही हे म्युझियमही सांगतं, फलकात तसा दावा नको.

उत्तर : सरकारी शब्द 'प्रत्यार्पण' आहे ना?

उत्तर : तो पेपरात पळालेल्या आरोपींसाठी वाचतो आपण, फलकावर नको.

प्रश्न : आणि तलवार? 'सोडवून आणली' छान वाटतंय.

उत्तर : सोडवतात गहाण टाकलेलं. ही कोणी गहाण टाकली होती? 2025 च्या लंडनच्या लिलावात राज्य सरकारने पैसे मोजून घेतलीय, तर 'लिलावात विकत घेतली' हेच खरं. कारण मालकी हवी तर विकत घ्या, नाहीतर उसनी मागा, आत्ता तरी एवढेच रस्ते दिसतात आणि ते पोरांना दिसले पाहिजेत.

प्रश्न : मग 'तीन वर्षांसाठी उसनी आणलेली वाघनखं' आणि 'लिलावात विकत घेतलेली तलवार' असं करते. किंमत टाकू?

उत्तर : टाकाच. वाहतूक-विमा धरून 47 लाख 15 हजार, ते आपल्याच करातून गेलेत.