लीवाय ओक्स भाडोत्री? आधी नकाशा तरी बघा!

रानवारा: काल इथेच एका महाशयांनी लिहिलं: 'लीवाय ओक्स जन्मला कॅनडात, लढला अमेरिकेसाठी, तेही स्वतःच्या लोकांची जमीन लाटणाऱ्यांसाठी. भाडोत्री माणूस, त्याचं कसलं कौतुक?' आणि खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा.

लीवाय मोहॉक, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासींपैकी. त्याचं गाव अक्वेसास्ने, ही सेंट लॉरेन्स नदीकाठची मोहॉक वस्ती. ओंटारियो, क्युबेक आणि न्यूयॉर्क अशी तिन्हींत पसरलेली. लीवाय १९२५ साली क्युबेककडच्या भागात जन्मला. सोयरीक पलीकडे, कामधंदा पलीकडे. सीमा यांच्या अंगणातून दुसऱ्यांनीच ओढली, म्हणून तर ब्रिटन-अमेरिकेच्या १७९४ च्या 'जे' नावाच्या तहात यांना ये-जा करायची मुभा लिहून द्यावी लागली. हा पोरगा दुसऱ्या महायुद्धात, अठराव्या वर्षी अमेरिकन सैन्यात गेला. ४४२ वी सिग्नल बटालियन, न्यू गिनी, मग फिलिपिन्स. काम काय, तर वायरलेसवर मोहॉक भाषेत निरोप द्यायचे-घ्यायचे, जपान्यांना पत्ता लागू नये म्हणून. गुप्तता पाळायची म्हणून घरच्यांनाही कित्येक दशकं सांगितलं नाही. अमेरिकन काँग्रेसचं रौप्यपदक मिळालं २०१६ मध्ये, नव्वदी उलटल्यावर. २०१९ ला गेला. भाडोत्री माणूस इतकी वर्षं तोंड मिटून बसतो होय?

तिरकस: ते महाशय मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. तुमचं भूगोलाचं पान छान, पण मुद्दा तिथेच आहे. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या निवासी शाळांत मुलं स्वतःची भाषा बोलली की मार खायची. अडलं तेव्हा तीच भाषा गोड झाली! आणि लढून मिळालं काय? दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात इतर सैनिकांना जमिनीसाठी सहा हजार डॉलरपर्यंत कर्ज, त्यातला काही भाग माफ. मूळनिवासींच्या राखीव वस्तीत राहणाऱ्याला फार तर २,३२० डॉलरचं अनुदान, तेही 'इंडियन एजंट' म्हणजे वस्तीवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या हातून. मतदानाचा बिनशर्त हक्क १९६० ला. अशांसाठी लढायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

रानवारा: कॅनडाची उधारी अमेरिकेच्या वहीत मांडताय. आणि १९४२ मध्ये इरोक्वाय महासंघाच्या, म्हणजे मोहॉकांसह सहा जमातींच्या संघाच्या प्रतिनिधींनी वॉशिंग्टनला जाऊन जर्मनी-जपानविरुद्ध स्वतंत्रपणे युद्ध जाहीर केलं होतं, ते सोयीस्कर विसरलात.

तिरकस: त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकन कोर्टाने सांगितलं होतं की सक्तीची भरती यांनाही लागू. मग जाहीर करा नाहीतर नका करू, जावं तर लागणारच होतं.

दापोलीचा: 'अशांसाठी का लढायचं' हे विचारणारा कधी भरतीच्या रांगेत उभा राहिलेला नसतो. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. १८९४ ला सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ती परत सुरू करा म्हणून सरकारकडे अर्ज केला, तो काय इंग्रजांच्या प्रेमापोटी? भरती म्हणजे पगार, पोरांना शाळा, पेन्शन. १९१७ ला गरज पडली तशी १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडीत काढली. बाबासाहेब तरीही मागे लागले, तेव्हा कुठे १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट.

तिरकस: झालं, आली जात. धागा मोहॉक लोकांचा आहे, आठवण करून देतो.

दापोलीचा: तुमची अडचण झाली की ती 'जात', आणि तुम्ही बोललात की तो 'मुद्दा'! माझे पणजोबा त्या १११ मध्ये होते. पलटण मोडली, गावी आले. खाकी कोट घालून पाटलाच्या वाड्यासमोरून गेले म्हणून भर चावडीत कोट उतरवायला लावला आणि हातात परत वेसकराची काठी. त्या कोटाची पितळी बटणं आजीने डब्यात जपली होती. त्यांना जाऊन भाडोत्री म्हणा.

जुना_सुभेदार: दोघंही जरा दमाने घ्या. पगार आम्ही सगळ्यांनीच घेतला, त्याने कुणी भाडोत्री होत नाही. खरी थट्टा नंतर होते. हयातीचा दाखला वेळेत देऊनही माझी पेन्शन अडली. खिडकीवरचा पोरगा म्हणतो, 'बाबा, सिस्टीममध्ये तुम्ही हयात नाही.' मी समोर उभा! ऑनलाइन केलं म्हणे सगळं. अंगठा लागत नाही म्हाताऱ्यांचा, हे कुणाला...

रानवारा: सुभेदारसाहेब, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.

नदीपलीकडची: मी कॅनडातल्या कॉर्नवॉल शहरात राहते, नदीपलीकडे अक्वेसास्ने समोर दिसतं. सीमा काय चीज आहे ते ऐका. अक्वेसास्नेतल्या कॉर्नवॉल बेटावर कॅनडाची नाकाचौकी होती. रक्षकांना पिस्तुलं द्यायचं ठरलं, मोहॉक लोकांनी विरोध केला, तेव्हा २००९ मध्ये चौकी उठवून पुलापलीकडे शहरात आणली. आता बेटावर राहणारी माझी सहकारी अमेरिकेच्या बाजूने आली की स्वतःचं घर ओलांडून आधी शहरात हजेरी लावते, मग मागे फिरते. रानवारा, तुम्हीही त्याला 'अमेरिकेचा वीर' करू नका. आणि कॅनडाच्या संसदेला त्याची आठवण झाली डिसेंबर २०१८ मध्ये, जायच्या जेमतेम सहा महिने आधी.

तिरकस: बरं बाई. 'भाडोत्री' मागे घेतो, 'वापरून घेतलेला' म्हणतो. झालं समाधान?

रानवारा: म्हणजे अठराव्या वर्षी त्याला स्वतःची अक्कल नव्हती, असंच ना?

तिरकस: अठराव्या वर्षी मला तरी नव्हती.

दापोलीचा: ते दिसतंयच. १११ चं उत्तर अजून यायचंय.