केलॉइडवर (जखमेच्या जागी वाढत गेलेल्या टणक व्रणावर) उपचार घेतलेल्यांनी सांगाल का, रोजच्या जगण्यात काय फरक पडला?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. धाकट्या बहिणीच्या छातीवर पुळी बसल्यावर केलॉइड आलाय, मूळ जखमेच्या कडा ओलांडून पसरलाय. दिसण्याचं तिला फारसं काही नाही. रात्री खाज सुटते, कपड्याची शिवण घासली तरी कळ येते, पालथं झोपता येत नाही. खरा त्रास हा आहे.

डॉक्टरांनी व्रणातच ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं सुचवलीत, दर ४ ते ६ आठवड्यांनी. नुसतं कापून काढलं तर बरेचदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा, म्हणून शस्त्रक्रिया तूर्त नको म्हणाले. पटलं. पण टणक गाठीत सुई म्हणजे चांगलंच दुखतं, शिवाय त्वचा पातळ किंवा फिकट पडू शकते.

तुमच्या बाबतीत आधी खाज थांबली की गाठ बसली? झोप सुधारली का? मध्येच सोडून द्यावंसं वाटलं का? सिलिकॉनची पट्टी सोबत वापरली असेल तर तेही लिहा.

डीएलक्यूआय ही त्वचेच्या आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजणारी १० प्रश्नांची प्रश्नावली (गुण ० ते ३०, जास्त म्हणजे त्रास जास्त) उपचाराआधी तिच्याकडून भरून ठेवावी म्हणते. व्रणाची लांबी-रुंदी सगळे मोजतात, रोजच्या त्रासाचं कोण विचारतं! कुणी भरली आहे का?

घरगुती लेप कृपया सुचवू नका.