फ्रेंच सर्वनामं कानात आणि तोंडात बसवायची कशी? ऑडिओ ड्रिलबद्दल मदत हवी

ऐरोली_नाका:
डेल्फ बी१ या फ्रेंच परीक्षेची तयारी चालू आहे, शिवाय नोकरीत फ्रेंच ग्राहकांचे कॉल घ्यावे लागतात. सीओडी-सीओआयचा (थेट आणि अप्रत्यक्ष कर्माच्या सर्वनामांचा) तक्ता पाठ आहे, कागदावरच्या गाळलेल्या जागा बरोबर भरता येतात. अडतं ते बोलताना. समोरून "वू झावे पार्ले ओ दिरेक्तर?" (तुम्ही डायरेक्टरशी बोललात का?) असं आलं की "वी, ज लुई ए पार्ले" (हो, मी त्यांच्याशी बोललो) हे जुळवेपर्यंत पुढचा प्रश्न येऊन जातो. ऐकतानाही वाक्य कळतं, पण मधलं इवलंसं सर्वनाम निसटतं.

ठाणे-तुर्भे ट्रान्स-हार्बरच्या प्रवासात करता येईल असा सराव हवा आहे. तयार ऑडिओ घ्यावा की स्वतः बनवावा? सूचना मराठीत असावी की फ्रेंचमध्ये? आणि उत्तरासाठी मोकळी जागा किती सेकंदांची ठेवावी?

पाचपाखाडी:
स्वतः बनवा. तयार ऑडिओत पॅरिसची कॅफे आणि आजीचं घर असतं. तुम्हाला फाईल, बिल, मॅनेजर, डिलिव्हरी यांची वाक्यं लागणार.

रचना चार टप्प्यांची ठेवा. प्रश्न, मग मोकळी जागा (यात तुम्ही उत्तर द्यायचं), मग बरोबर उत्तर, मग पुन्हा मोकळी जागा (यात ते उत्तर जसंच्या तसं परत म्हणायचं). हा चौथा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नुकसान तिथेच होतं, कारण मग चुकलेलं वाक्यच तोंडात शेवटचं राहतं. लँग्वेज लॅबमध्ये टेपवर सराव व्हायचा तेव्हापासून ही रचना चालत आली आहे आणि सर्वनामांसाठी याहून नेमकं काही मला माहीत नाही.

मोकळी जागा उत्तराच्या लांबीवर ठरते: उत्तर म्हणायला लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ. "ज लुई ए पार्ले" दीड सेकंदाच्या आत होतं, म्हणजे तीन सेकंद पुरे. सुरुवातीला चार ठेवायला हरकत नाही. सहा सेकंद दिले की डोकं तक्ता उघडून बसतं आणि तुम्ही परत कागदावरच्या सरावाकडे जाता. दीड सेकंदच दिला तर तोंड उघडायच्या आत उत्तर ऐकू येतं. एका प्रश्नाला एकूण बारा सेकंद धरा, म्हणजे वीस प्रश्नांना चार मिनिटं.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'जनरेट' मेन्यूमधून 'सायलेन्स' घेऊन हव्या तितक्या सेकंदांची शांतता घालता येते. पण वीस प्रश्नांची एकच लांब फाईल करू नका. प्रत्येक प्रश्नाची वेगळी एमपी३ करा आणि प्लेअरमध्ये शफल लावा. क्रम कायम राहिला की कान सर्वनामाऐवजी क्रम पाठ करतो. सातव्या प्रश्नाचं उत्तर प्रश्न न ऐकताच येऊ लागतं.

आधी फक्त ल-ला-ले (थेट कर्म: तो, ती, ते सगळे), मग फक्त लुई-लर (अप्रत्यक्ष कर्म: त्याला/तिला, त्यांना), मग दोन्ही मिसळून. पहिले दोन गट फार घोळवू नका. सगळी उत्तरं 'लुई'च असतील तर प्रश्न ऐकायची गरजच उरत नाही. खरा सराव मिसळलेल्या गटातच होतो आणि तिथे चुका वाढल्या तर तो योग्य जागी चालला आहे असं समजा. ई (तिथे, त्या गोष्टीला) आणि आं (त्यातलं, त्यातले) ही सर्वनामं त्यानंतर. पासे काँपोझे (सहायक क्रियापदाने होणारा भूतकाळ) त्याच्याही नंतर, कारण तिथे सर्वनाम सहायक क्रियापदाच्या आधी जातं आणि शिवाय रूप जुळवावं लागतं. किल्लीबद्दल (ला क्ले, स्त्रीलिंगी) विचारलं तर "ज ले मीझ सुर ला ताब्ल" (मी ती टेबलावर ठेवली). पुस्तकाबद्दल (ल लिव्र, पुल्लिंगी) विचारलं तर "ज ले मी". तो शेवटचा 'झ' ऐकू येतो, म्हणून मी-मीझ, प्री-प्रीझ, एक्री-एक्रीत अशी क्रियापदंच घ्या. दॉनेसारख्या क्रियापदांत लिहिताना कितीही फरक असला तरी कानाला काहीच कळत नाही.

नेरुळ_पूर्व:
वरचं सगळं पटलं. कानाचा भाग थोडा वाढवते. (इथले देवनागरी उच्चार जवळपासचे आहेत, खरे रेकॉर्डिंगवरूनच घ्या.)

आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच लिहून शिकलेल्यांची ठरलेली चूक म्हणजे एकवचनी 'ल'ला 'ले' म्हणणं. अक्षरं वाचून उच्चार केला की हे होतं. पण 'ले' हे अनेकवचन आहे. "ज ल व्वा" म्हणजे मला तो दिसतो, "ज ले व्वा" म्हणजे मला ते सगळे दिसतात. ग्राहकाला एक पार्सल सापडलं की पाच, हे त्या एका स्वरावर ठरतं. त्यामुळे उत्तर द्यायच्या सरावाआधी पाच मिनिटं निव्वळ ओळखण्याचा सराव करा: ऑडिओ "ज ल व्वा, ज ले व्वा, ज ला व्वा" उलटसुलट म्हणेल, तुम्ही फक्त एक की अनेक, आणि एक असेल तर पुल्लिंगी की स्त्रीलिंगी एवढं बोटाने दाखवायचं.

पुढे स्वर आला की चित्र पालटतं. "ज लेम" (मला तो किंवा ती आवडते: एक), "ज ले-झेम" (अनेक). इथे सगळी भिस्त लिएझाँच्या (एरवी न उच्चारलेलं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जोडून म्हणण्याच्या) 'झ'वर असते. एकवचनात ल आणि ला दोघांचाही स्वर गळून नुसतं 'ल्' उरतं, म्हणून तो की ती हे सर्वनामावरून कळतच नाही. ते शोधत बसू नका. "ज ले प्री" आणि "ज ले-झे प्री" ही जोडी जास्तच फसवी आहे. पहिल्यात एकच वस्तू घेतली आहे, पण त्यातला 'ले' अनेकवचनासारखा ऐकू येतो. पासे काँपोझेच्या गटात ही जोडी निदान पाच वेळा ठेवा.

'आं'चंही तसंच. पुढे स्वर आला की 'न' उमटतो: "जां-ने त्र्वा" (माझ्याकडे त्यातले तीन आहेत), "इल्यां-ना" (त्यातले आहेत). मशीनच्या आवाजात वाक्यं बनवत असाल तर प्रत्येक फाईल एकदा लक्ष देऊन ऐका. लिएझाँ नसलेली फाईल सरळ काढून टाका, नाहीतर चुकीचाच उच्चार घोटला जाईल.

'लुई'साठी ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून जीभ 'ई'च्या जागी न्या आणि तिथून सरळ 'ई'त उतरा. आपण सहज म्हणतो तो 'लुई' लुई नावाच्या माणसासारखा ऐकू येतो.

आता यंत्राकडून होणारा घोटाळा. काही ब्लूटूथ इअरबड शांततेनंतर जागे होताना आवाजाचा पहिला तुकडा खातात. फ्रेंच उत्तरात सर्वनाम अगदी सुरुवातीला असतं, म्हणजे नेमकं तेच जातं. यावर दोन उपाय: वायरचा इअरफोन वापरा, किंवा शांततेऐवजी 'जनरेट'मधला 'नॉइज' ०.००२ इतक्या कमी अँप्लिट्यूडवर भरा, म्हणजे इअरबड झोपत नाहीत. पॉडकास्टच्या अ‍ॅपमध्ये ऐकणार असाल तर शांतता गाळण्याची सोय बंद करा, नाहीतर ते अ‍ॅप तुमची तीन सेकंदं गिळून टाकेल.

ओळखण्याचा सराव मात्र गाडीत नको. रुळांच्या खडखडाटात 'ल'सारखं हलकं अक्षर बुडतं आणि कान अंदाजाने भरायला शिकतो. तो घरी करा. गाडीत उत्तरांचा सराव चालेल, ओठ हलवून, कुजबुजत का होईना. मनातल्या मनात म्हणणं पुरत नाही, कारण तोंडाला ती जोडाक्षरं कधी वळलेलीच नसतात.

सानपाडा_५:
सूचना मराठीत की फ्रेंचमध्ये, यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून. सुरुवातीला फ्रेंचमध्येच, आणि तीही प्रश्नाच्या रूपात. "त्यू कॉने मारी?" (तू मारीला ओळखतोस का?) "वी, ज ला कॉने." (हो, ओळखतो.) कॉलवर हेच घडतं, आणि त्यू-ज हा बदलही आपोआप घोटला जातो.

पण मराठी सूचना टाळून पूर्ण भागणार नाही, कारण गोंधळ मराठीतूनच येतो. आपलं 'त्याला' दोन्ही कामं करतं: "त्याला पाहिलं" आणि "त्याला सांगितलं". म्हणून मराठी बोलणारा सहज "ज लुई व्वा" म्हणून जातो. उलट बाजूने, 'लुई'त त्याला आणि तिला दोन्ही येतात. तिथे आपण उगाच स्त्रीलिंग शोधतो आणि "ज ला पार्ल" म्हणतो.

कसोटी एकच: क्रियापद मूळ वाक्यात 'आ' (आपल्या 'ला', 'शी'सारखा छोटा शब्द) घेतं का? माणसाच्या आधी 'आ' असेल तर लुई-लर, नसेल तर ल-ला-ले. फोन करण्याचीच दोन क्रियापदं बघा: आपले थेट घेतं, "ज लापेल", तेलेफोने 'आ' घेतं, "ज लुई तेलेफोन". मराठीत दोन्ही "त्याला फोन करतो". वाट पाहणं (आतांद्र), ऐकणं (एकूते), मदत करणं (एदे), आभार मानणं (रमेर्सिए) हे सगळं थेट. उत्तर देणं (रेपाँद्र), विचारणं (दमांदे), आज्ञा पाळणं (ओबेईर) यांना लुई. 'पांसे आ' (-चा विचार करणं) हा अपवाद आधीच वेगळा काढा: माणसाबद्दल "ज पांस आ लुई", गोष्टीबद्दल "जी पांस". फ्रेंच गट नीट जमू लागला की या क्रियापदांना मराठी सूचना लावा: "मी त्याची वाट पाहतोय", तीन सेकंद, "ज लातां". ज्या क्रियापदाला अडखळाल त्याच्या पाच फाईली आणखी बनवा. बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

'आं'ची चूक वेगळी आहे. "तीन आहेत" हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, म्हणून "जे त्र्वा" तोंडात येतं. आकडा एकटा आला की 'आं' हवाच: "जां-ने त्र्वा".

ऐरोली_नाका:
सर्वांचे मनापासून आभार. लापेल-लुई तेलेफोनवरच रोज अडतं, आज तिथूनच सुरू करतो. दोन सर्वनामं एकत्र आली की काय करायचं? आणि आज्ञार्थ?

पाचपाखाडी:
तक्ता म्हणून पाठ करू नका, जोड्या म्हणून करा. म-ल, त-ल, नू-ल, वू-ल एका गटात. ल-लुई, ले-लुई, ले-लर दुसऱ्यात. मां, लुई-आं तिसऱ्यात. "इल म ल दॉन" (तो मला ते देतो), "ज ल लुई दॉन" (मी त्याला ते देतो). पहिल्या गटात माणूस आधी आणि वस्तू नंतर, दुसऱ्यात नेमकं उलट. म्हणून दोन्ही पक्के होईपर्यंत मिसळू नका. 'म लुई' अशी जोडी फ्रेंचमध्ये होतच नाही. तो माझी त्याच्याशी ओळख करून देतो असं म्हणायचं तर "इल म प्रेझांत आ लुई".

आज्ञार्थासाठी होकार आणि नकार लागोपाठ ठेवा. प्रश्नाच्या जागी "दॉन ल म्वा" (मला ते दे), उत्तर "न म ल दॉन पा" (मला ते देऊ नको). मग उलट दिशेने. होकारात सर्वनामं क्रियापदामागे जातात आणि 'म'चा 'म्वा' होतो, पण 'आं' आला की "दॉन मां" (मला त्यातलं दे). 'ई'च्या आधी 'वा'ला (जा) स जोडला जातो आणि तो 'झ' ऐकू येतो: "वा-झी". इथे मोकळी जागा चार सेकंदांची ठेवा.

दोन क्रियापदं असतील (वे 'करणार आहे', प 'करू शकतो', व 'करायचं आहे' यांच्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप) तर सर्वनाम मूळ रूपाला चिकटतं: "ज वे ल फेर" (मी ते करणार आहे). पासे काँपोझेची सवय लागल्यावर लोक "ज ल वे फेर" म्हणू लागतात, म्हणून हा गट पासे काँपोझेनंतर लगेच घ्या आणि दोन्हींच्या फाईली एकाच शफलमध्ये टाका.